शेळीला हत्तीचे पाय

२ जुलै १९७३, सोमवार

रंभाबाईचं पत्र आलं. शेवटी!

पोस्टकार्ड. विहीणबाईंना लिहिता येत नाही, गावच्या मास्तरकडून लिहून घेतलंय, हिंदीत. बोरटोला सावनेरच्या पुढे, छिंदवाड्याच्या अंगाला. तिकडे बोलणं अर्धं हिंदीच. शेजारच्या शोभाताई म्हणाल्या, द्या, वाचून दाखवते. मी दिलं नाही. आपलं पत्र आपण वाचायचं. यांनी गाडीत शेजारी बसवून दुकानांच्या पाट्यांवरून अक्षरं शिकवली ती कशासाठी?

'आषाढ उतरते ही आठवां पूरा हो जायेगा. सावन लगते ही आकर बहू को ले जाना. देर मत करना.'

म्हणजे श्रावण लागला की. कॅलेंडर पाहिलं. तीस जुलै. अठ्ठावीस दिवस.

मी जूनच्या सुरुवातीलाच लेकीला, प्रेमिलाला, आणायला गेले होते. तेव्हा रंभाबाई म्हणाली, पेरणी होऊ द्या. मग आठवा लागला. आठव्यात बाईला हलवत नाहीत. देव सोडून सतरावं वर्ष चालू आहे, आठवा महिना मात्र कुणाला सोडता आला नाही. मलाही नाही.

५ जुलै

नानाजी मिस्त्री येऊन गेले. यांचे दोस्त. जरीपटक्यात त्यांचं गॅरेज आहे — गॅरेज म्हणजे चार बल्ल्या आणि वर टिन. अंगणातल्या पिकअपभोवती त्यांनी एक फेरी मारली. हे गेल्यापासून दोन वर्षं ती विटांवर उभी आहे. शाळेतल्या कामावरून आले की मी पुसते. का नाही विकली, ते कुणाला सांगता येत नाही.

'इंजन चालू होईन वयनी. टायर पुरे सडले.'

'मग टायर घालू. मोठे घाला.'

'मोठे काहून?'

सांगितलं. सडकेपासून बोरटोला चार मैल. काळी माती आणि मध्ये नाला. प्रेमिलाच्या लग्नाच्या साली हे गेले होते तर चाकं जागच्या जागी फिरत राहिली, माती कणकेसारखी चिकटली. मग बैलजोडीनं ओढून काढली. ते हसण्यावारी गेलं. मागच्या पावसाळ्यातलं हसण्यावारी गेलं नाही. प्रेमिलाला कळा सुरू झाल्या, बैलबंडीत घालून निघाले, आणि बंडी तिथंच रुतली. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत. बाळ बंडीतच झालं. रडलं नाही. नागपूरच्या डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या होत्या, पुढच्या खेपेला कळा यायच्या आधी इथं पाहिजे. पोट फाडावं लागेल. नाहीतर आईपण जाईल.

नानाजींनी बॉनेटवर हात ठेवला.

'फौजी टायर पाहू,' म्हणाले. 'कामठीच्या छावणीतले लिलावात निघते.'

८ जुलै, रविवार

फौजेचा लिलावातला माल विकणाऱ्या डिस्पोजलवाल्या सेठकडे गेलो. टायरांचा ढीग, त्यात साचलेलं पाणी, पाण्यात डास. सेठ सिंधी. म्हणतो, 'माई, फौज का माल है. लडाई देख के आया है.'

नानाजी म्हणाले, 'हां, पीठ दिखाके आया है.' एकाच्या बगलेला लांब चीर होती. तो बाजूला काढला. चार निवडले. नानाजींनी सुतळीनं मापलं: आतलं भोक आमच्या चाकाएवढंच, पण उंची वीतभर जास्त. नक्षी अशी खोल की बोट आत जातं.

'वयनी, शेळीले हत्तीचे पाय लावून राहिल्या तुम्ही.'

'हत्ती नाल्यातून जातो ना?'

'हत्ती जाते. शेळीचं मले सांगता येत नाही.'

११ जुलै

जावई येऊन गेला. रविंद्र खापरखेड्याला पॉवर हाऊसमध्ये आहे. तिथं एका खोलीत तिघं राहतात, म्हणून प्रेमिला गावी, सासूजवळ. त्याला म्हटलं, तुम्ही तुमच्या आईला काही सांगाल की नाही? म्हणाला, 'मामी, आईपुढं माहं चालत नाही. सावन लागला का या. गाडी होऊन जाईन ना तोवर?'

होईल म्हटलं. अंगणातल्या टायरांना लाथ मारून पाहिली त्यानं. सगळे पुरुष टायरला लाथ का मारतात?

१५ जुलै, आषाढी पौर्णिमा

विहारात गेले. आजपासून वर्षावास. मेणबत्ती लावली, पंचशील म्हटलं. मन अंगणात. अजून पंधरा दिवस आहेत, पुरतील.

१६ जुलै, सोमवार

चारही चाकं बसली. गाडी विटांवरून उतरली आणि मी ओळखलीच नाही. आपलंच माणूस, पण दुसऱ्याचे जोडे घालून आलेलं.

नानाजींनी स्टीअरिंग फिरवलं. थोडं फिरलं आणि घर्रर्र — टायर मडगार्डला घासला. डावीकडे तेच, उजवीकडे तेच. सरळ जाईल, वळणार नाही. बोरटोल्याचा रस्ता तर सगळा वळणांचाच.

नानाजींनी भाकर घेतली नाही. नुसता चहा. पोट बरं नसेल.

१९ जुलै

मडगार्ड कापलं. छन्नी आणि हातोडा. तो पत्रा यांनी स्वतः घासून रंगवला होता, तीन दिवस कुणाला हात लावू दिला नव्हता. नानाजी थांबले. 'कापू ना वयनी?'

कापा म्हटलं. मी पत्रा धरून उभी होते. प्रत्येक घाव दंडापर्यंत येत होता. काळजी नको, रडले नाही. कुणाला सांगतेय काळजी नको म्हणून!

स्प्रिंगांच्या कमानीत एक एक पट्टा जास्त घातला, गाडी आणखी उंच झाली. आता घासत नाही. पण पहिल्या गिअरमध्ये इंजिन कण्हतं, आणि ब्रेक उशिरा लागतो. नानाजी म्हणाले, चाक मोठं झालं, जुना ब्रेक त्याले पुरत नाही. उतारावर आपणच अंदाज ठेवायचा.

२१ जुलै

दिवसभर पाऊस. शाळेत पाचवीच्या वर्गात बादल्या ठेवल्या. प्रेमिलाचे पाय सुजले असतील का? मागच्या वेळी सुजले होते. तेव्हा कुणी ते मनावर घेतलं नाही.

२३ जुलै, सोमवार

पोस्टकार्ड समोर ठेवून लिहिते.

दुपारी नानाजींपुढे ताट ठेवलं. त्यांनी सरकवलं. 'आज सोमवार हाय वयनी. सावनचा.'

'सावन अजून कुठे? आषाढ आहे.'

'तुमचा आषाढ. माह्या बायकोचं माहेर तिकडचं, मध्य प्रदेशातल्या शिवनीचं. आमच्या घरी पोर्णिमेपासूनच सावन लागते. आज दुसरा सोमवार. तिकडचे लोकं पोर्णिमेले महिना बदलवते, तुम्ही अमोशेले. पंधरा दिवसाचा फरक पडते ना.'

मी विचारलं, बोरटोल्यात कसं मोजतात?

त्यांच्या हातातला पाना खाली आला. 'छिंदवाड्याच्या अंगालेच ना ते?'

पोस्टकार्ड काढलं. सावन लगते ही. म्हणजे सोळा तारीख. मी विहारातून येऊन पंधरा दिवस पुरतील म्हणून झोपले, त्याच्या दुसऱ्या दिवशी माझी पोर गाठोडं बांधून बसली असेल. देर मत करना.

मी ते पत्र स्वतः वाचलं. एक अक्षर चुकलं नाही. शोभाताईंना दिलं असतं, तर त्यांनी सावन नक्की कधी, ते कुणाला तरी विचारलं असतं. मी कुणाला विचारलं नाही. वाचता येतं ना मला!

२४ जुलै

सकाळी निघणार तर पुढची ट्यूब फुटली. जुनी ट्यूब मोठ्या टायरात ताणून बसवली होती. नानाजी सेठकडे धावले. त्या चीर गेलेल्या टायरातली फौजी ट्यूब निघाली, सेठनं आधी दडवून ठेवली होती म्हणे. बसवेपर्यंत चार वाजले. नाला अंधारात उतरायचा नाही, नानाजी ऐकेनात. मी गाडीच्या पायरीवर बसून राहिले. उद्या पहाटे.

हे असते तर कालच निघाले असते. आणि कुठेतरी रुतले असते. दोन्ही खरं आहे.

२५ जुलै, बोरटोला

पाचला निघालो. सडक संपली आणि काळी माती लागली. नानाजींनी गाडी थांबवली, खाली उतरून माती चिमटीत घेतली, परत बसले. पहिला गिअर टाकला.

टायर चालले! माती चिकटायची आणि नक्षीतून फेकली जायची, मागं कारंजं उडायचं. स्टीअरिंग एका माणसाच्यानं वळेना. नानाजी म्हणाले 'डावं', की मीही हात घालून ओढायची. जिथं मागच्या साली बंडी रुतली तिथं आले तेव्हा डोळे मिटले. उघडले तोवर ती जागा मागं गेली होती. इतकी लहान जागा.

नाल्याच्या उतारावर ब्रेक लागला नाही. घसरत पाण्यात गेलो. पाणी पायाशी आलं. इंजिन कण्हलं, कण्हलं, आणि पलीकडे चढलं. नानाजी शंकराचे भक्त, पण वर आल्यावर 'जय भीम' म्हणाले. माझ्यासाठी.

रंभाबाईच्या दाराला कडी. आत म्हैस ओरडत होती. शेजारची म्हातारी मनकर्णा बाहेर आली.

'अवो बाई, तुमी आत्ता आल्या? पोरगी तं गेली.'

मी तिथंच चिखलात बसले.

'मेली नाई वं माय! नेली. उठा, उठा.' तिनं मला बगलेत धरून उठवलं. परवा प्रेमिलाचे पाय सुजले, डोळ्यापुढं अंधारी आली. रविंद्र काल आला तेव्हा सांगत होता की गाडीचे चाकं बदलून राहिले, आज-उद्या येतीन. रंभाबाई त्याच्यावर ओरडली, 'मी चाकाची वाट पाहू का पोरीची?' पहाटेच खाट उलटी करून पोरीला तीत निजवलं, आठ माणसं आळीपाळीनं खांद्यावर. बंडीचा रस्ता सोडून शेतांच्या धुऱ्याधुऱ्यानं दुसऱ्या अंगाला गेले, छोट्या रुळाच्या गाडीच्या टेसनावर. तिथून नागपूर. तो नाला कंबरभर होता. रंभाबाई खाटेबरोबर चालत होती, पोरीच्या डोक्यावर पोतं धरून.

आम्ही इकडून आलो, ते तिकडून गेले.

लगेच गाडी वळवली. नाल्याशी आलो तर पाणी काठाला लागलेलं, झाडाचा बुंधा वाहत चालला होता. नानाजी म्हणाले, 'हत्तीपण नाही जात वयनी.' दुसऱ्या अंगाचा नालाही तसाच भरलाय म्हणे. गाव मधोमध.

मी इथं. पोर नागपूरला, माझ्या घरापासून दोन मैलांवर.

२६ जुलै

पाणी उतरत नाही. नानाजी म्हशीचं दूध काढायला बसले, तिनं बादली उडवली. मग मीच काढलं. रंभाबाईची चूल, रंभाबाईची उतरंड, सगळं कसं लख्ख. ही बाई कठोर आहे, असं मी या वहीत कितीदा लिहिलंय. खुंटीवर एक लहान गोधडी होती, अर्धी शिवलेली, सुई तशीच अडकवून. दिवस कसा जाईना. पुढचे टाके मी घातले.

आज पोट फाडलं असेल का? सही कुणी केली असेल? सासूचा अंगठा चालतो का?

२७ जुलै

दुपारी कुणीतरी हाक मारत आलं, स्टेशनच्या नाल्यावर चला. पलीकडे रविंद्र उभा. तो ओरडत होता, पाण्याच्या आवाजात एक शब्द कळेना. मग त्यानं गळ्यातला दुपट्टा सोडला, दोन्ही टोकं धरून झोळी केली आणि हळूहळू हलवली.

मी ओरडले, माझी पोर? माझी पोर?

त्यानं झोळी एका हातात घेतली, दुसरा हात वर केला. दोन बोटं. मला कळलं का ते पाहत तो बोटं तशीच धरून उभा राहिला. दोघंही. बाळ, आणि माझी पोर.