पाणी काढून नेणारं खातं

दि. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण, आमच्या डिशवॉशरमधलं पाणी जात नाही. फोन केला असता, पण फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मी बोलत नाही. मागच्या वेळी आपण दोघांनी बराच वेळ नुसता फोन धरून ठेवला होता.

प्रकार असा आहे. मशीन सुरू होतं, नेहमीसारखं घुमतं आणि शिट्टी वाजवून थांबतं. दार उघडलं की तळाशी राखाडी पाणी आणि त्यात खालच्या ताटल्या उभ्या. मी पुन्हा लावून पाहिलं. पाणी तेच राहिलं, फक्त गरम झालं. मेकॅनिकला फोन केला. मशीन किती जुनं आहे एवढंच त्याने विचारलं, आणि नवीन घ्या म्हणाला.

एरवी मी भांडी हाताने घासली असती आणि गप्प बसलो असतो. पण महिनाअखेर लेक येते आहे. ही गेल्यापासून मी एकटा राहतो, ते तिला पसंत नाही. या खेपेस तिने स्पष्ट सांगितलं आहे की घर नीट चालू दिसलं तर बाबांनी राहावं, नाही तर सामान बांधून तिच्याबरोबर निघावं. तिच्याकडची खोली चांगली आहे. तिने पडदेही लावून ठेवले आहेत. जावई सज्जन आहे. मला जायचं नाही.

मशीन बंद आहे हे तिला कळवलेलं नाही. तूही कळवू नयेस.

बाकी ठीक. झोप लागते. लोभ आहेच, तो निदान पाणी जाईपर्यंत टिकवावा.

तुझा
मुक्या


दि. ८ फेब्रुवारी

चि. मुक्यास,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. जन्मभर पाणीपुरवठा खात्यात नोकरी केलीस, अख्ख्या शहराला पाणी पाजलंस, आणि घरातलं पातेलंभर पाणी तुला काढता येईना. आई तुला हुशार म्हणायची. पण ती बिचारी कुठल्याच मुलाचं मन मोडत नसे.

मला त्या मशीनमधलं ओ की ठो कळत नाही. मात्र हयात वॉर्डात गेली, त्यामुळे तुंबणं म्हणजे काय ते कळतं. आधी प्लग काढ. ओल्या हाताने विजेला शिवलास तर लेकीला पडदे फुकट लावले असं होईल. मग रुग्णाचं पोट रिकामं कर, वाटीने, आणि शेवटचं फडक्याने टिपून घे. त्यानंतर मागची नळी बघ. लघवी अडली म्हणून डॉक्टरांना धावत बोलवायचे, आणि नळी रुग्णाच्याच मांडीखाली दबलेली असायची. असे किती पाहिले. नळी सिंकच्या पाइपला जिथे मिळते तिथेही बोट घालून बघ. किळस करू नकोस, बोट धुता येतं.

एवढं करून सुटलं नाही, तर रुग्णाने अलीकडे काय काय खाल्लं ते सगळं लिहून पाठव. लोक नेमकी एक गोष्ट सांगायची राहू देतात आणि तीच अडकलेली असते.

लेकीला मी काही बोलणार नाही. तुला जायचं नाही, हे वाक्य मी दोनदा वाचलं. तू कशाला नको म्हणाल्याचं मला आठवत नाही. लहानपणी एरंडेलसुद्धा मुकाट पीत होतास, म्हणून तर नाव पडलं.

तू स्वतः काय खातोस ते लिहिलं नाहीस. झोप लागते म्हणतोस, ते मी धरत नाही.

माया इकडे भरपूर आहे. तुझ्याकडची तुंबवून ठेवू नये, मधूनमधून पाठवत जावी.

तुझी
ताई


दि. १३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पाणीपुरवठ्याबद्दल लिहिलंस. आमचं खातं पाणी आणून देणारं होतं. काढून नेणारं खातं वेगळं होतं, आणि त्यांच्याशी आमचं कधी पटलं नाही.

तू सांगितल्याप्रमाणे सगळं केलं. प्लग काढला, पाणी उपसलं, मशीन ओढून पुढे घेतलं. नळी कुठे दबलेली नाही. सिंकच्या जोडापाशीही काही निघालं नाही. मशीनच्या मागे मात्र एका बरणीचं झाकण सापडलं. ते मी हरवलं असं ही कित्येक वर्षं म्हणत होती. मी हरवलं नव्हतं. आता हे सांगायचं कोणाला, म्हणून तुला लिहितो.

मग प्लग लावून पुन्हा सुरू केलं. पुन्हा पाणी. परत उपसलं.

काय खाल्लं ते विचारलंस. तुला ठाऊक आहे, ही मशीनमध्ये उष्टं भांडं कधी घालायचीच नाही. आधी हाताने स्वच्छ घासायची, मग आत लावायची. मशीन कशाला आहे असं मी एकदा विचारलं होतं. परक्या माणसासमोर खरकटं मांडू नये, असं ती म्हणाली. त्यामुळे या मशीनने इतकी वर्षं नुसती स्वच्छ भांडी धुतली. मी उष्टी तशीच घालतो. ताटली, वाटी, कढई, चमचे. खरकटं मात्र डब्यात निपटून टाकतो.

आणि बरण्या. हिने करून ठेवलेला जॅम, टोमॅटोचा सॉस, वाळवलेला पुदिना असं बरंच कपाटात होतं. एक संपली की दुसरी उघडतो. तू काय खातोस म्हणून विचारलंस, तर मुख्यतः हेच, पावाबरोबर. मिठाच्या आणि साखरेच्या बरण्याही चिकट झाल्या होत्या म्हणून घालून काढल्या. रिकाम्या बरण्या इतक्या लख्ख निघतात की त्यांच्यावरची लेबलंसुद्धा जातात. खरवडायचे कष्ट वाचले. मिठाची कोणती आणि साखरेची कोणती ते आता मी चाखून ठरवतो.

याखेरीज मशीनने काही खाल्लेलं नाही. तुझा लोभ नेहमीप्रमाणे बोलणी खाण्यासह स्वीकारतो.

तुझा
मुक्या


दि. १७ फेब्रुवारी

चि. मुक्यास,
अ. उ. आ.

लेबलं जातात म्हणजे कुठे जातात?

एका पोराने शर्टाचं बटण गिळलं होतं. बटण गेलं, असं त्याची आई सांगत राहिली. बटण कुठेही गेलेलं नव्हतं. मशीनच्या तळाशी जाळी असणारच. पाणी जिथून बाहेर पडतं तिथे जाळी नाही असं होत नाही. खालचा ट्रे काढून हात घाल आणि फिरवून बघ. निघेल.

हळू काढ. जे निघेल ते टाकून देऊ नकोस. माझ्या भावजयीचं अक्षर आहे ते.

जीव लावून आहे, घाईत असले तरी.

तुझी
ताई


दि. २२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

जाळी निघाली. झाकणासारखी फिरवायची असते. इतकी वर्षं या घरात राहून ती तिथे आहे हे मला माहीत नव्हतं.

आत गच्च लगदा होता. खात्यात छपाई चुकलेली बिलं रद्दीत जायची, ती मी घरी आणायचो. कागद जाड असायचा, म्हणून ही त्याची लेबलं कापायची. दुकानातल्या डिंकावर तिचा विश्वास नव्हता. कणकेची खळ शिजवून त्यांना लावायची. शाई वाफेने पसरते म्हणून लिहायची पेन्सिलने. तेव्हा निदान असं की, पाणी अडवलं ते माझ्या खात्याच्या कागदाने आणि हिच्या खळीने. दोघांनी मिळून केलेलं काम पक्कं असतं.

गोळा पातेल्यात भिजवला आणि सुईने एकेक कागद सुटा केला. बरेचसे विरले होते. पेन्सिल मात्र पाण्याला दाद देत नाही. काही तुकडे वाचता आले. एकावर ‘ओला चमचा घालू न’ एवढं आहे. एकावर ‘आधीची संपवा’. एकावर ‘उन्हात’, पण ठेवा की ठेवू नका ते गेलं आहे. ही बरण्यांवरून माझ्याशी इतकं बोलत होती, हे मी बरण्या भरलेल्या होत्या तेव्हा कधी वाचलं नाही. जॅम आहे हे काचेतून दिसायचं.

तुकडे खिडकीत वर्तमानपत्रावर वाळत घातले आहेत. वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकावर एक चमचा ठेवला आहे. खिडकी विचित्र दिसते.

जाळी बसवून मशीन लावलं. शेवटी घशात गुळणी केल्यासारखा आवाज आला आणि पाणी गेलं. मी दार उघडून पाहिलं. तळ कोरडा होता. मला वाटलं होतं तितका आनंद झाला नाही, पण झाला.

भरलेली एकच बरणी उरली आहे, संत्र्याच्या जॅमची. ती लेबल भिंतीकडे करून, न वाचता ठेवली आहे. उघडणार नाही.

जाळी सापडली ती तुझ्यामुळे. लोभात याची नोंद घ्यावी.

तुझा
मुक्या


दि. २ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

लेक येऊन गेली. बॅग खाली ठेवायच्या आधी तिने मशीन लावलं आणि समोर स्टूल घेऊन बसली. पाणी गेलं. ती म्हणाली, ठीक आहे. मग मी चहा केला. त्या गडबडीत चाखायचं राहिलं आणि दोन्ही कपांत मीठ पडलं. तिने पूर्ण कप संपवला आणि काही बोलली नाही. माझीच लेक.

कप विसळताना मात्र तिने विचारलं की आईची लेबलं कुठे आहेत. मी खिडकी दाखवली. चमचे बाजूला करून तिने एकेक तुकडा वाचला. मग मला हे कसं झालं ते सांगावं लागलं. मी पुष्कळ बोललो असं ती म्हणते.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला तिने ती संत्र्याची बरणी काढली. मी थांब म्हणेपर्यंत झाकण उघडलेलं होतं. थांब म्हणायला मला वेळ लागतो. उघडलीच आहे म्हणून दोघांनी खाल्ला. चांगला झाला होता, जरा अगोड. बरणी बरीच रिकामी झाल्यावर तिने ती फिरवली आणि लेबल मोठ्याने वाचलं. ‘ताईंची. साखर अर्धी. तुम्ही पाठवायला विसराल.’

ताई, तुझा जॅम आम्ही खाल्ला. याबद्दल दिलगीर आहे.

लेक आधी हसली आणि मग बराच वेळ सिंकचा नळ सोडून उभी राहिली. नंतर तिने निकाल दिला. आईने सोपवलेलं काम अर्धवट टाकून बाबांना कुठे जाता येणार नाही, असं तिचं म्हणणं. बाबांनी स्वतः जॅम करून आत्याला पाठवावा. आत्याने पसंत केला, की मग सामान बांधण्याचं पुन्हा बोलू. ती हे अगदी गंभीरपणे म्हणाली आणि गाडीत बसली.

लेबल कोमट पाण्यात भिजवून काढलं आहे. ते माझ्याजवळ ठेवतो. बरणी हाताने धुतली. संत्री आणली, साखर अर्धी घातली, खळही शिजवली. पार्सल उद्या निघेल. आता सगळं तुझ्या मतावर आहे. तरी भीड न ठेवता खरं तेच लिहावंस.

लोभाची विनंती या वेळी करत नाही. ती मत वळवण्यासाठी केली असं व्हायचं.

तुझा
मुक्या


दि. ११ मार्च

चि. मुक्यास,
अ. उ. आ.

बरणी धडधाकट पोचली. तुझं लेबल वाचलं. ‘ताईची. साखर अर्धी. विसरलो नाही.’ ते मी भिजवून काढून घेतलं आहे. पेन्सिलने लिहिलंस ते बरं केलंस.

जॅम संपला. खरं लिही म्हणालास म्हणून लिहिते. साखर जास्त आहे. माझ्यासारख्या मधुमेही बाईला असा जॅम पाठवणं बरं नव्हे. मला पसंत नाही. लेकीला तसं आजच कळवलं आहे.

रिकामी बरणी परत पाठवते आहे. पुन्हा कर. पुढच्या खेपेस साखर कमी पडेल, असं मला आत्ताच वाटतं आहे.

लोभ आहे तेवढाच राहील, त्यात मी कमी-जास्त करणार नाही.

तुझी
ताई