दोन वीत उंच पाट

बालाघाट,
२४ ऑगस्ट २०२५

ती. अक्कास बंडूचा शि. सा. न. वि. वि.

बऱ्याच दिवसांत तुझं पत्र नाही, म्हणून मीच लिहायला बसलो. फोनवर तुला माझं बोलणं ऐकू येत नाही आणि मला तुझं रागावणं तेवढं ऐकू येतं, तेव्हा आपलं पोस्टच बरं. इकडे सर्व क्षेम. नूतनचे गुडघे दुखतात. माझं काही दुखत नाही, कारण घरात मी काही उचलत नाही, असं तिचं म्हणणं.

मी सुतारकाम शिकतोय हे तुझ्या अनयने तुला सांगितलं असेलच. मोतीलालची लाकूड कापायची आरामशीन बंद झाल्यापासून त्याची शेड रिकामी पडली होती. तिथे दर रविवारी सकाळी आम्ही चौघं जमतो. एक स्वतः मोतीलाल, दुसरा रामपायलीचा तेजराम, जो धानाची शेती मुलावर सोपवून मोकळा झालाय, तिसऱ्या गणिताच्या निवृत्त शिक्षिका अंजना मॅडम आणि चौथा मी. नाव ठेवलंय काष्ठकला मंडळ. अध्यक्ष मी, कारण कार्यवृत्त लिहायला पेन माझ्याच खिशात होतं. छत्तीस वर्षं सरकारी खात्यात कागद पुढे सरकवले, तर रंधा पुढे सरकवायला कितीसं अवघड असणार, असं मला वाटलं होतं. आमची पहिली वस्तू पोळपाट. त्याच्यावर पोळी एकाच बाजूला वाढत जाते. नूतनने तो पाण्याच्या ड्रमवर झाकण म्हणून ठेवलाय आणि झाकण म्हणून उत्तम आहे, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असते.

आता मुद्द्याचं. गेल्या भाऊबीजेला तू आली नाहीस. अनयने तिकडून फोन धरला, इकडे मी पाटावर बसून फोनसमोर मान वाकवली, तेवढ्यात नेट गेलं आणि मी बराच वेळ काळ्या काचेकडून ओवाळून घेत होतो. यंदा ते नको. तू म्हणतेस, खाली बसलेल्याला ओवाळायला आता कमरेतून वाकवत नाही. मी खुर्चीवर बसतो म्हटलं, तर तुला ओवाळायला पाटच हवा. म्हणून मंडळाने ठराव केला आहे की अक्कांसाठी उंच पाट करायचा. बसेन मी, पण वाकावं लागणार नाही तुला. आणखी काही सबबी असतील तर आत्ताच कळव, त्यांच्यासाठीही ठराव करू.

लोभ वाढला नाही तरी चालेल, आहे तेवढा घेऊन दिवाळीला ये.

तुझा,
बंडू

~

जबलपूर,
५ सप्टेंबर २०२५

चि. बंडूस अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र मिळालं. अक्षर रीनाचं आहे, शब्द माझे. चष्म्याचा नंबर बदलला आहे, म्हणून सुनेला कामाला लावलं. तिची मराठी आता माझ्यापेक्षा नीटनेटकी झाली आहे, तेव्हा चुका काढत बसू नकोस.

तुझं सुतारकाम मला नवीन नाही. आठवीत असताना तू भिंतीला खुंटी ठोकली होतीस. बाबांनी तिला कोट अडकवला आणि कोट, खुंटी आणि भिंतीचा पोपडा असे तिघंही एकदम खाली आले. तेव्हापासून बाबा कोट खुर्चीच्या पाठीवर टाकत. त्या पोराला आता लोकांनी अध्यक्ष केलं, म्हणजे बालाघाटात लाकूड फार झालं असावं.

दिवाळीचं म्हणशील तर मला धरू नका. इथेही माणसं येतात, घर उघडं टाकता येत नाही. तुला चुलत बहिणी तिथेच आहेत, त्या ओवाळतील. पाट करायचा तर कर, नूतनला दुसऱ्या ड्रमवर झाकण होईल.

तुझी आठवण येते, हे खोटं कशाला बोलू. पण आठवण बसल्या जागीही काढता येते. नूतनच्या गुडघ्यांना तीळतेल चोळ, नुसतं विचारू नकोस.

सगळ्यांवर माझा जीव आहे, तो सगळ्यांना सारखा वाटून दे.

तुझी,
अक्का

~

बालाघाट,
२१ सप्टेंबर २०२५

ती. अक्कास सा. न. वि. वि.

तुझा नकार पोचला. कार्यवृत्तात त्याची नोंद केली आणि काम पुढे चालू ठेवलं.

मात्र एक घोटाळा झाला आहे, आणि असला घोटाळा करायला अध्यक्षच लागतो. शेडमधला मोजायचा टेप गंजून अर्ध्यावर अडकतो. म्हणून मी ठरावात लिहिलं, ‘पायांची उंची दोन वीत’, खाली सही केली आणि प्रत्येकाला एकेक पाय घरून करून आणायला सांगितला. वीत कोणाची, हे लिहायचं राहून गेलं. अंजना मॅडमनी त्याच दिवशी चिठ्ठी देऊन तेच विचारलं होतं. मी चिठ्ठीवर ‘पाहिले’ असा शेरा मारला आणि ती फाइलला लावून टाकली. छत्तीस वर्षांची सवय, दुसरं काय.

पुढच्या रविवारी चार पाय आले. तेजरामचा पंजा तू पाहिलेला नाहीस. तो पानाचा डबा हातात घेतो तेव्हा डबा दिसत नाही. त्याच्या दोन विती म्हणजे माझ्या अडीच. मोतीलालचा पाय त्याहून कमी. मॅडमनी वाट पाहून शेवटी शाळेच्या पट्टीने पंचेचाळीस सेंटिमीटर मोजून आणला. सगळ्यांत आखूड अर्थातच माझा. पाट उभा केला तर त्याने एका बाजूला मान टाकली. मी तेजरामला म्हटलं की निदान पट्टी तरी लावायची, तर तो म्हणाला की मले पट्टी काहून लागते, माहा हात का भाड्यानं आणला हाय का. हेही मी कार्यवृत्तात लिहून घेतलं.

मग लांब पाय कापायचं ठरलं. तेजरामने कापला तो जास्त कापला, म्हणून मोतीलालने आपला कापला. तेवढ्यात मॅडमनी करवतच काढून घेतली. त्या म्हणाल्या की याच वेगाने गेलो तर दिवाळीपर्यंत साधा पाट तयार होईल आणि अक्कांना पुन्हा वाकावं लागेल. सध्या तीन पाय जमिनीवर आहेत आणि माझा अधांतरी. बसलं की पाट डुलतो. माझ्या पायाखाली सागाची पाचर घालायची आहे. ती मी स्वतः करतो आहे. तीन बिघडल्या, चौथी हातात आहे.

सांगायचं एवढंच की चार म्हातारी माणसं रविवारची झोप सोडून तुझ्या कमरेसाठी भांडत आहेत. कमरेला एकदा विचारून बघ.

माया असू दे, पाय आखूड निघाला तरी.

तुझा,
बंडू

~

जबलपूर,
२८ सप्टेंबर २०२५

आदरणीय मामाजी,
सादर प्रणाम.

हे पत्र आईंना न सांगता लिहिते आहे. माझी मराठी त्यांनीच शिकवली, म्हणून चूक दिसली तरी त्यांना सांगू नका, नाहीतर पत्र लिहिलं हे कळेल.

तुमचं पाटाचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. त्या खूप हसल्या, मग स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी डोळे पुसले. म्हणून मला राहवलं नाही. मामाजी, आईंची कंबर ठीक आहे. गॅलरीतल्या कुंड्या त्या रोज वाकून पुसतात. त्यांचे हात थरथरतात. डॉक्टर म्हणाले की घाबरायचं कारण नाही, वयाने होतं, पण औषधाने पूर्ण जाणार नाही. चहा आता अर्धा कपच घेतात. चष्मासुद्धा जुनाच आहे. अक्षर हलतं ते तुम्हाला दिसू नये म्हणून पत्र माझ्याकडून लिहून घेतात.

दोन वर्षांपूर्वी तुमच्याकडे ओवाळताना तबक हललं आणि कुंकू तुमच्या पांढऱ्या सदऱ्यावर सांडलं. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात की अक्काने दिवाळीतच होळी खेळली, पुढच्या वर्षी हिच्या हातात पिचकारीच देऊ. सगळे हसले, आईपण हसल्या. परत येताना गाडीत नैनपूरपर्यंत त्यांनी हात पदराखाली झाकून ठेवले. मग म्हणाल्या की आता तिथे ओवाळायला जायचं नाही, सगळे माझ्या हाताकडेच बघतील. त्यांना यायचं आहे, मामाजी. दिवाळी जवळ आली की त्या तुमचा विषय काढतात आणि मग बदलतात.

मी लिहिलं हे चुकलं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला.

आपली,
रीना

~

बालाघाट,
४ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. रीनास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या पत्रात एकही चूक नाही. चूक आहे ती माझी, आणि ती दोन वर्षांची झाली आहे.

तो विनोद मला चांगला आठवतो. चारचौघांत मी तो पुन्हा दोन-तीनदा सांगितलाही, लोक हसले म्हणून. अक्का माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. आई आजारी असायची तेव्हा तिनेच मला न्हाऊमाखू घातलं, पाटी पुसून दिली, शाळेत पोचवलं. तिच्या हाताला मी हसलो. हे लिहितानाही मला स्वतःची लाज वाटते आहे. नूतनला पत्र दाखवलं, तिने ते दोनदा वाचलं आणि घडी करून माझ्याच पुढ्यात ठेवलं.

माफी मागावी तर तू सांगितलंस हे फुटतं. न मागावी तर तिच्यापुढे पाटावर कुठल्या तोंडाने बसू. तू तिला गाडीत बसवण्याची तयारी ठेव, पुढचं मी बघतो.

सुनेने सासूची कागाळी अशीच करत राहावी, ही विनंती.

तुझा,
मामा

~

बालाघाट,
१० ऑक्टोबर २०२५

ती. अक्कास सा. न. वि. वि.

पाट झाला. चौथी पाचर बसली. अंजना मॅडमनी पाटावर काठोकाठ भरलेला पेला ठेवला, तेजराम बाजूला दणादणा चालून आला, पण थेंब सांडला नाही. मॅडमनी कार्यवृत्तात ‘समाधानकारक’ लिहिलं. माझ्या नावापुढे हा शब्द शाळेपासून आजवर कुणी लिहिला नव्हता, म्हणून त्या पानाचा फोटो काढून ठेवला आहे.

आता तू आल्याशिवाय त्याच्यावर कुणी बसायचं नाही, असं ठरलं आहे. चुलत बहिणींना मी कळवलं की यंदा पहिलं ओवाळणं अक्काचं, ती आली नाही तर मी कपाळ कोरडंच ठेवीन. नूतन म्हणाली की मी लहान मुलासारखा हट्ट करतो आहे. हौ, करतो आहे. थोरल्या बहिणीपुढे नाही करायचा तर कुणापुढे करायचा.

बसून ओवाळ, उभं राहून ओवाळ, कसंही ओवाळ, पण तुझ्या हाताने ओवाळ. दुसऱ्या कुणाच्या हाताचं मला चालत नाही. रीनाला म्हणावं, तिकिटं काढ. स्टेशनवर मी येतो, तेजराम गाडी आणतो.

वाट बघणारा,
बंडू

~

जबलपूर,
२९ ऑक्टोबर २०२५

चि. बंडूस अनेक आशीर्वाद.

हे अक्षर माझं आहे. रेघा वाकड्या आहेत, वाचायला वेळ लागेल. तुला निवृत्तीनंतर वेळच वेळ आहे.

आम्ही सुखरूप पोचलो. नूतनचे अनारसे रीनाने गाडीतच संपवले. तुझ्या मंडळाला माझा नमस्कार सांग. तेजरामने मला डब्यात चढवताना धरलं, तेव्हा त्याच्या दोन विती तुझ्या अडीच कशा होतात ते कळलं.

तू मोठा हुशार समजतोस स्वतःला. ‘कसंही ओवाळ’ असं तू लिहिलंस तेव्हाच मी रीनाकडे पाहिलं आणि तिने लगेच भाजी ढवळायला घेतली. गॅस पेटलेला नव्हता. मी रागावले नाही. आता कुणापासून काही लपवायचं नाही म्हटल्यावर मला हलकंच वाटलं. तरी तुझ्या हॉलमध्ये तबक हातात घेतलं, सगळे गोल करून उभे राहिले, तेव्हा परत फिरावं असं वाटलं.

आणि तू बसलास तो पाट डुलला. काठोकाठ पेला ठेवून पाहिलेला पाट. तू ओरडलास की तेजरामचा पाय लांब आहे. तेजराम दारातून म्हणाला की माहा पाय बराबर हाय, अध्यक्षाचाच आखूड हाय. मॅडम डोक्याला हात लावून बसल्या. तू उजवीकडे कललास की माझं निरांजन उजवीकडे, तू डावीकडे कललास की डावीकडे. सगळं घर तुझ्याकडे बघून पोट धरून हसत होतं. कुंकू तुझ्या भुवईवर लागलं, अक्षता कानात गेल्या, आणि सगळ्याचा दोष काष्ठकला मंडळाला गेला. माझा हात थरथरत होता, बंडू, चांगलाच थरथरत होता. तिकडे कुणी पाहिलं नाही. किती वर्षांनी मी तुला सावकाश, पोटभर ओवाळलं.

मग तू पाया पडायला वाकलास आणि तुझ्या सदऱ्याच्या खिशातून लाकडाचा एक तुकडा माझ्या पायाशी पडला. तुला कळलं नाही. मी त्याच्यावर पाऊल ठेवलं, आणि तू उठून गेल्यावर तो पदरात घेतला.

काम सुबक आहे. एक कड छान तासली आहेस. बाबा असते तर त्यांनी तिच्यावर कोट टाकला नसता, पण हातात घेऊन पाहिली असती. ती पाचर इथे माझ्या देवघरात आहे. शोधत बसू नकोस आणि पाचवी करू नकोस. पुढच्या भाऊबीजेला मी येईन, तू तसाच डुलत बस.

तुझी,
अक्का