बाबा, नवे तारे झालेच नव्हते

प्रिय बाबा,

काल तुझी तेरवी झाली. जेवणं उरकल्यावर मारोतीभाऊ माझ्यापाशी येऊन बसला. तेंदूपानाच्या फडीवर इतकी वर्षं तुझ्यासोबत विकायला आलेली पानं तपासणारा मारोतीभाऊ! म्हणाला, "तुह्या बाबानं साऱ्या फडीले सांगतलं होतं. त्या काय मनतेत, दीर्घिका, दोन भिडल्या का नवे तारे होते, माह्या पोरीनं शोधलं म्हणून. खरं हाये काय, बाई?"

मी 'हो' म्हणून मान हलवली. दुसऱ्यांदा खोटं बोलले, बाबा. म्हणून हे पत्र.

पहिल्यांदा अहेरीच्या दवाखान्यात, तुझ्या खाटेपाशी. "झाले काय वं नवे तारे?" तू विचारलंस. "झाले बाबा, खूप झाले!" तू हसलास. दोन दिवसांनी गेलास.

कुठले झाले? दीर्घिका एकमेकींत मिसळल्या तरी तारे ताऱ्यांवर आपटत नाहीत. वायूचे ढग तेवढे दाबले जातात आणि त्यातून नवे तारे बनतात. चुलीपाशी बसून मीच तुला हे सांगितलं होतं ना? पण मी तपासलेल्या कितीतरी जोड्यांत काहीच झालं नाही. भिडल्या, विस्कटल्या आणि बस्स. त्या जोड्या मी प्रबंधातून काढून टाकल्या. 'चित्र अस्पष्ट' असा शेरा मारला. अस्पष्ट नव्हती रे! मुदत संपत आली होती, तू अंथरुणावर होतास आणि तुला माझी पदवी बघायची होती.

तू तरी एवढा विश्वास का ठेवलास? फडीवर माझ्या पुड्यातलं मधलं पानसुद्धा उलटून पाहायचास. भोकाचं निघालं की सगळ्यांसमोर बाहेर! किती राग यायचा मला. त्या दिवशी का नाही पाहिलंस उलटून?

आठवतं, नवी पानं फुटावीत म्हणून आपण तेंदूची झुडपं छाटायचो, तेव्हा एका वर्षी शाबासकीसाठी मी मुरमाड टेकडीवरचीही छाटून आले होते? सगळ्या जंगलात कोवळी पानं फुटली, तिथं एक नाही. मी लपून बसले. तू म्हणालास, "कापलं म्हणून पान फुटत नाई, माय. खाली ओल पाह्यजे. वाळलं तं वाळलं सांगाव. नाईतं पुढच्या साली आपण तिथीच कापत बसू."

मी तेच लपवलं, बाबा! त्या दीर्घिकांतला वायू बहुतेक आधीच सरला असेल. पण ते तपासायला आणखी वर्ष लागेल. तोवर विद्यापीठात मला कोण ठेवून घेईल? मला काही सुचत नाही. एकदा ओरड ना माझ्यावर!

काढलेल्या सगळ्या जोड्या मी प्रबंधात परत घालते. माझे मार्गदर्शक सर चिडले तर चिडू देत, पदवी हुकली तर हुकू दे. आणि आज अहेरीचा बाजार आहे, फडीवरचे सगळे येतील. तू त्यांना भरवशानं जे दिलंस, ते माझं भोकाचं पान होतं. ते मीच आज त्यांच्यासमोर बाहेर काढते.

तुझीच,
सुनी