पातळ निगेटिव्ह

आप्पा, आज भर दुपारी मी खोलीच्या खिडक्या लावून, फटींना जुनी चादर कोंबून अंधारात बसलो होतो. घरच्यांना वाटलं माझं डोकं उठलंय. पण मी कॉम्प्युटरसमोर बसून मृग नक्षत्रातला तेजोमेघ धूत होतो. 'धूत होतो' हा तुमचाच शब्द. हल्ली फोटोला पाणी लागत नाही, तुमच्या डार्करूममधल्या हायपोचा तो आंबूस वास नाही, लाल दिवा नाही, तरी माझ्या तोंडून दुसरा शब्द येत नाही.

नोकरी संपली तेव्हा माझ्या लेकीनं मला एक छोटी दुर्बीण आणि कॅमेरा आणून दिला. "बाबा, आयुष्यभर मुलांना चांदण्यांच्या कविता शिकवल्यात, आता चांदण्या तरी नीट बघा," म्हणाली. तेव्हापासून आपल्या निपाणीच्या गच्चीवरून जमेल तेवढं आकाश गोळा करतो आणि दिवसा ते धुतो. तुम्हाला समजावून सांगतो, कारण तुम्हाला लगेच कळेल. एका फोटोत काहीच येत नसतं. काळं, त्यावर रवा सांडल्यासारखी खरखर. म्हणून त्याच जागेचे शंभरावर फोटो घ्यायचे आणि सॉफ्टवेअरला सांगायचं, एकावर एक रच. खरखर प्रत्येक फोटोत वेगळ्या ठिकाणी असते, ती एकमेकांत जिरून जाते. तेजोमेघ मात्र प्रत्येक फोटोत जागच्या जागी असतो, तो उरतो. मग उत्तरेकडून कोगनोळीच्या नाक्याच्या दिव्यांचा जो पिवळट उजेड चढलेला असतो, तो काढून टाकायचा. शेवटी अंधारातलं ताणून वर आणायचं. तुम्ही पातळ, फिकट निगेटिव्हला काळं-पांढरं ठळक करणारा कडक कागद घ्यायचात ना, तसंच. हळूहळू काळ्यातून गुलाबी पाकळी उमलावी तसा तो मेघ वर येतो, आणि मला दरवेळी तुमच्या औषधाच्या ट्रेमधला तो पांढरा कागद आठवतो. आधी केसांची कड यायची, मग भुवया, मग कुणाचं तरी अख्खं तोंड.

सॉफ्टवेअरची रेघ पुढं सरकत असते तेव्हा मी कविता म्हणत बसतो. ही सवय तुम्हीच लावलीत. डार्करूममधलं घड्याळ बंद पडलं होतं आणि दुरुस्तीला टाकायला तुम्हाला कधी सवड झाली नाही, म्हणून मला दारापाशी उभं करून म्हणायचात, "म्हण रं तुझी साळंतली कविता." दोन कडवी झाली की कागद पाण्यात. एकदा मी आईवेगळ्या पाखराची कविता लावली. दुसऱ्या कडव्याला माझाच गळा दाटला, चाल रेंगाळली आणि कुणाच्या तरी लग्नाचा जोडा ट्रेमध्ये कोळशासारखा काळा झाला. तुम्ही अंधारातूनच ओरडलात, "आरं, रडायच्या कविता म्हणू नगंस, कागद काळा हुतो! मार्च करायची म्हण!" त्या दिवसापासून डार्करूममध्ये फक्त वीररस.

पण आज लिहायला बसलो ते यासाठी नाही.

तुमची थोरली लेक, आपली आक्का, गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडं राहायला आली होती. तिची नजर आता फार उतरलीय. मधलं दिसत नाही, कडेकडेचं तेवढं दिसतं, आणि डॉक्टर म्हणतात हेही फार दिवस टिकायचं नाही. मी हौसेनं तिला माझा तेजोमेघ मोठ्या पडद्यावर दाखवला. मान वाकडी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून तिनं बराच वेळ बघितलं. "किती लांब हाय म्हणालास?" मी सांगितलं, तिथून उजेड निघाला तेव्हा आपले खापरपणजोबासुद्धा जन्मले नव्हते. ती म्हणाली, "एवढं लांबचं काढतोस, मग आप्पांचं तोंड काढ की रं. दिसतंय तवर एकदा बघते."

आप्पा, ती काय मागत होती ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही गेलात तेव्हा कोगनोळीपाशी गाड्या अडवल्या होत्या. सीमेचं आंदोलन पेटलेलं, पलीकडची एसटी इकडं येत नव्हती. आक्का कागलहून निघाली, नाक्यावर उतरवली गेली, मग कडेवरच्या पोराला घेऊन चालत आली. ती दारात पोचली तेव्हा आम्ही नदीवरून परतून आंघोळी उरकत होतो. पडवीत बसली आणि एवढंच म्हणाली, "तोंड बी बघाय गावलं न्हाय." तेच वाक्य ती अजून म्हणते, फक्त आवाज म्हातारा झालाय.

आणि घरात तुमचा फोटो नाही. गावातल्या सगळ्यांची तोंडं तुम्ही काढलीत, स्वतः कायम कॅमेऱ्याच्या काळ्या फडक्याच्या आत. लोक तर माणूस गेल्यावरही तुम्हालाच बोलवायचे. तेव्हा बऱ्याच जणांचा हयातीत एकही फोटो निघत नसे. मयताला भिंतीशी टेकवून बसवायचं, फोटो घ्यायचा, आणि मग तुम्ही बारीक ब्रशनं मिटल्या पापण्यांवर उघडे डोळे काढायचात. आधी घरच्यांना विचारायचात, डोळे कसे होते, भावाचे तसेच का. त्या तंबाखूच्या वखारीतल्या हमालाची बायको आठवते? तिचा दीर म्हणाला होता, मोठे होते, पाणीदार. तुम्ही तसे काढलेत. ती न्यायला आली, फोटो हातात घेतला आणि म्हणाली, "ह्यो कोण फौजदार?" दुकानातले सगळे हसले, दीरसुद्धा. तुम्ही ओशाळून ब्रशकडं हात नेलात, तर तिनं फोटो मागं ओढला. "ऱ्हाऊ द्या. जित्तेपणी कवा असं बघितलं न्हाय माझ्याकडं. आता तरी बघू द्या." मी तेव्हा बेळगावला कॉलेजात होतो, सुट्टीला आलेलो, डोक्यात नवं नवं विज्ञान. ती गेल्यावर म्हणालो, "आप्पा, हे खोटं आहे." तुम्ही ब्रश पुसत म्हणालात, "तिला जाऊन इचार की मग." मी काही गेलो नाही.

तुमची म्हणून एकच निगेटिव्ह आहे, मी काढलेली. मला हायस्कुलात नोकरी लागली त्या आठवड्यातली. तुम्हाला तुमच्याच स्टुलावर, तुमच्याच त्या तळ्या-हंसांच्या पडद्यासमोर बसवलं होतं. "दात दाखवू का झाकू?" तुम्ही विचारलंत. मी उजेड कमी-जास्त करायची लेन्सची कडी भलत्याच आकड्यावर ठेवून बटण दाबलं. निगेटिव्ह जवळजवळ कोरी आली. टोपी आणि खांदा तेवढा होता, चेहऱ्याच्या जागी काचेसारखं पातळ, छापलं तर नुसतं काळं. तुम्ही ती उजेडाला धरून म्हणालात, "बरं झालं, आता कुणी घाबरायचं न्हाय. ऱ्हाऊ दे, पुन्हा कवातरी काढू." मी मात्र पुढं सगळ्यांना सांगत आलो की त्या फोटोत आप्पा माझ्याकडं बघून हसतायत, फक्त अंधार आहे म्हणून दिसत नाही.

तर आक्का कागलला परत गेली आणि मी कामाला लागलो. निगेटिव्हला पाठीमागून उजेड देऊन तिचे आकाशासारखेच शंभरावर फोटो घेतले, एकावर एक रचले आणि वाट बघत बसलो. खरखर गेलीच नाही. उलट फिल्मचे दाणे आणखी ठसठशीत झाले. दोन दिवस डोकं खाजवलं तेव्हा उजेड पडला. आकाश प्रत्येक वेळी नव्यानं उजेड पाठवतं, म्हणून तिथं बेरीज करता येते. तुमचा एकच क्षण आहे. त्याच क्षणाचे कितीही फोटो काढले तरी दाणा तिथंच राहणार. हे मला, इतकी वर्षं आकाशाचे फोटो धुणाऱ्याला, आधी सुचू नये! डोकं ठिकाणावर असलेला माणूस करणार नाही असली चूक. पण खरं सांगू, मला ती बेरीज हवीच होती. तुमच्या शंभर नजरा माझ्याकडं आहेत असं वाटत होतं.

लेकीनं मग फोनवरच्या कसल्याशा बटणानं चेहरा 'सुधारून' पाठवला. गोरापान, दात चमकणारा, साबणाच्या जाहिरातीतला माणूस तुमची टोपी घालून बसलेला. "बाबा, छान आलाय ना?" मी म्हटलं, "छान आहे, कोण आहे?" ती फोनवरच हसत सुटली.

म्हणून शेवटी दाण्यांसकटच ताणलं. हळूहळू, घाई न करता, तुम्ही फोटो मोठा करताना एन्लार्जरखाली हाताची सावली हलवायचात तशी एकेक जागा थोपवत, एकेक सोडत. खिडक्या लावलेल्या, मी एकटा, तोंडानं कविता, यावेळी रडायची. आधी कान आला. मग हनुवटीचा तो खड्डा. आणि मग डोळे आले, आप्पा, आणि ते माझ्याकडं बघत नव्हते. खाली होते. माझ्या बोटांकडं, लेन्सच्या कडीकडं. ओठ आत ओढलेले, एखादा शब्द दाताखाली धरावा तसे. तुम्हाला दिसलं होतं. कडी चुकलीय, फोटो काळा येणार, हे बटण दाबायच्या आधीच तुम्हाला कळलं होतं आणि तुम्ही गप्प बसलात. दुकानातल्या कामात तुम्ही कुणाला सेकंदाची चूक माफ करत नव्हतात. त्या दिवशी पोरगं मास्तर झालं होतं, त्याला करू दे म्हटलं असेल. चहाला हाका आल्या त्या मला ऐकू आल्या नाहीत.

काल तो छापून आक्काकडं घेऊन गेलो. अंगणात खुर्ची टाकून बसली होती. फोटो तिनं समोर धरला नाही, बाजूला, कानाजवळ धरला आणि मान फिरवून कोपऱ्यातून बघू लागली. अंधुक तारा बघताना आम्हीही असंच करतो, थेट न बघता जरा बाजूला नजर ठेवतो. "कान आप्पांचाच," ती म्हणाली. "टोपी बी तशीच तिरकी." बोटानं चेहऱ्यावर चाचपडत राहिली. "डोळं काय मला लागंनात. उघडं हाईत न्हवं?"

"उघडे आहेत."

"कुणाकडं बघत्यात?"

त्या वेळी माझ्याकडं तुमचा ब्रश नव्हता, आणि असता तरी माझा हात तेवढा स्थिर नाही. मी म्हणालो, "तुझ्याकडंच बघतायत, आक्का. सरळ."

तिनं फोटो मांडीवर ठेवला आणि डोक्यावरचा पदर नीट केला.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, कुणाला वाचून दाखवायचंही नाही, निदान ती आहे तोवर नाही. पण तुमच्या डोळ्यांबद्दल मी तिला खोटं सांगितलं हे तुम्हाला कळायला हवं होतं. आणि ते सांगताना माझा गळा अजिबात दाटला नाही.