तिसरीचं छत आणि खिचडीचा शेरा

आदरणीय सादिक मामूंना धाकट्या भाचीचा, सबिहाचा सलाम. तब्येत कशी आहे? मामींचे गुडघे काय म्हणतात? धाराशिवात नळाला पाणी आता कितव्या दिवशी येतं? इकडं सगळे खुशाल आहेत, फक्त मी गावच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीची अध्यक्ष झाले आहे.

(हसू नका. अध्यक्ष पालकांमधूनच निवडायचा असतो. यंदा बाईमाणूस पायजे असं ठरलं, आणि वाचता येणारी नि तोंड चालणारी मीच निघाले.)

तर ऐका. परवा म्हणता म्हणता दोन महिने झाले, तिसरीच्या वर्गात पाढे चालू असताना छताचा ताटाएवढा तुकडा खाली आला, तो थेट आमच्या आफरीनच्या जागेवर. नशीब, ती पाणी प्यायला गेली होती. मामू, त्याच दिवशी तिसरीचा वर्ग मी माझ्या अंगणात आणला (आता शिलाई मशीनच्या आवाजात पाढे चालतात) आणि विचारत सुटले की छत कुणाचं? मुख्याध्यापक वसंतराव गुरुजी लई भला माणूस, पण म्हणाले, बाई, इमारत आमच्याकडं न्हाय, ग्रामपंचायतीला विचारा. ग्रामपंचायतीनं बांधकामवाल्यांकडं धाडलं. बांधकामवाले म्हणाले, शिक्षणवाल्यांचं पत्र आणा. शिक्षणवाल्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, अर्ज घेतला आणि पंधरा दिवसांनी शाळेत पत्र आलं की जबाबदारी निश्चित करून अध्यक्षांनी तात्काळ कार्यवाही करावी. अध्यक्ष कोण? मीच! अर्ज माझा आणि उत्तरही मलाच. माझं डोकंच फिरलं.

पण मी काय गप बसणारी न्हाय. शाळेत खिचडीच्या चवीची एक वही असते. पोरांना वाढायच्या आधी एका पालकानं खाऊन शेरा लिहायचा. आजवर सगळ्यांनी 'उत्तम' असंच लिहिलं, मीठ विसरलं तरी उत्तम (शिजवणाऱ्या सिताबाईला दुखवणार कोण?). मला कळलं, वर जाऊन खरंच वाचली जाते ती हीच वही. मग रोजची पाळी मीच घेतली आणि रोज लिहिलं, 'खिचडी चांगली. छत वाईट.' वीस दिवस लिहिलं. एकविसाव्या दिवशी जीपमधून साहेब उतरले, सरळ चुलीपाशी गेले आणि पातेल्यात डाव घालून छत शोधायला लागले! सिताबाई रडायलाच लागली. मी साहेबांना तिसरीच्या वर्गात नेलं आणि म्हटलं, वर बघा. त्यांनी बघितलं आणि दोन पावलं मागं सरकले. येत्या शुक्रवारी तपासणी आहे. छत नवं झाल्याशिवाय मी पोरांना परत आत बसवणार न्हाय.

मामींना सलाम, पोरांना दुआ.

तुमची भाची,
सबिहा (अध्यक्ष)

ता. क. — तपासणीसाठी जुनी फाईल काढली. हे छत अकरा वर्षांपूर्वीच नवं केलं होतं. 'काम प्रत्यक्ष पाहिले, दर्जा समाधानकारक' असं लिहून खाली इंजिनिअरची सही आहे. मामू, सही तुमची आहे. मी तीनदा बघितली आणि मग बसून रडले.

दुसरी ता. क. — शुक्रवारी सकाळच्या एसटीनं या. तेव्हा काय पाहिलं, काय न पाहता सही केली, ते साहेबांपुढं लिहून द्या. जेवायला घरीच थांबायचं, मटण करते.

तिसरी ता. क. — घरात आपण मराठी बोलत न्हाय, तरी पत्र मराठीत का, असं वाटलं असेल. याची एक प्रत मी कालच त्या फायलीत लावली आहे.