पहिल्या रिळातली बायको

प्रिय गजाभाऊ,

पत्र्याचं आभाळ मी केलं. जुन्या गोदामाचा पत्रा आणून, त्याच्या कडा घासून, बांबूला टांगून. हलवला की ढग फुटल्यासारखा वाजायचा. पिक्चरमधल्या यानाचं दार बंद होतानाचा फुस्स आवाज सायकलच्या पंपाचा. त्याला रबरी नळी आणि नळीच्या तोंडाला शिट्टी, तीही मीच बसवलेली. इंजिनाची घरघर म्हणजे वनस्पती तुपाच्या डब्यात घातलेले उल्हास नदीतले गोटे, आणि तो डबा फिरवायला सायकलचं मागचं चाक. तंबूतल्या तुमच्या भोंग्याचा ॲम्प्लिफायर मी बांधला, त्याची सागवानी पेटीसुद्धा. मला यातलं काही कुणी शिकवलेलं नव्हतं. लोकांचे बिघडलेले रेडिओ उघडून बघत बघत शिकलो. काही तर परत लागले नाहीत, पण शिकलो.

हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. मग आज का लिहितो? कारण बाकी कुणाला ठाऊक नाही, आणि मागच्या शुक्रवारपासून मला चैन नाही. दुकान उघडतो, पंक्चर काढायला घेतो, ट्यूब पाण्यात बुडवतो आणि नुसता बुडबुड्यांकडे बघत बसतो. परवा एका गिऱ्हाइकाच्या पुढच्या चाकाचं पंक्चर होतं, मी मागचं चाक उघडून ठेवलं.

गजाभाऊ, यानाचा पिक्चर परत आला होता. तुमचा तो जुना नाही. नव्यानं काढलेला, रंगीत, नवे नट घेतलेला. कर्जतच्याच थेटरात लागला. तुम्ही असतात तर पहिल्या खेळाला कुठं बसला असतात? मला वाटतं बसलाच नसतात. मशीनच्या खोलीच्या दाराशी उभे राहून आतल्या ऑपरेटरला सूचना देत राहिला असतात.

पहिल्याच खेळाला गर्दी झाली. पोरं होतीच, पण तंबूत जमिनीवर बसून पिक्चर बघितलेली आपली जुनी माणसं बघायला हवी होतीत तुम्ही. चौकचा तुका आला होता, तोच, बापाच्या खांद्यावर बसून यायचा तो. आता त्याचा स्वतःचा टेंपो आहे. टेंपोत भरून चौकची माणसं घेऊन आला. भाजीवाल्या सुंदराबाईनं दुपारीच टोपली आवरली होती. नेरळहून दोघं-तिघं आले. सगळे पिक्चर सुरू व्हायच्या आधीच एकमेकांना पिक्चर सांगत होते.

"आता बघ, ती भाकरी घेऊन येते," सुंदराबाई सुनेला सांगत होती. "पदरात बांधलेली असते. नीट बघ."

दिवे गेले. पडद्यावर एक मोठं शहर आलं. काचेची इमारत, आत लिफ्ट, लिफ्टमध्ये चंदेरी कपडे घातलेला हिरो. तो एका पार्टीत गेला. तिथं नाच झाला. एका टकल्या माणसानं त्याला धमकी दिली. हिरोनं बटण दाबलं आणि यान वर. यानाचं काम चांगलं आहे, मी खोटं बोलणार नाही. तार कुठं दिसली नाही. सावली मात्र दोन बाजूंना पडत होती, म्हणजे दिवे दोन लावलेत आणि एक झाकायला विसरले.

पोरांनी शिट्ट्या मारल्या. आपली माणसं गप्प. मग तुका उठून उभा राहिला.

"ओ, मशीनवाले, पयलं रीळ कुठं हाय?"

"खाली बस रं, दिसत नाय."

"काय दिसत नाय? बायको दिसत नाय. तिला कुठं ठेवली?"

"ती तुझ्याच टेंपोत ऱ्हायली असंल," मागून कुणीतरी म्हणालं, आणि पोरं हसली.

पण सुंदराबाई हसली नाही. ती सुनेला म्हणाली, "चोरलं गं यांनी. पयलं रीळच चोरलं." आणि हळूहळू सगळीकडून तेच सुरू झालं. बायको कुठं, भाकरी कुठं, तो पाऊस लागायच्या आत येतो म्हणतो ते कुठं. मध्यंतरात मॅनेजरला घेराव घातला. तो बिचारा डबे उघडून दाखवत होता, रिळं सगळी आहेत म्हणून. त्याला काय माहीत?

मला माहीत होतं. त्या सगळ्या थेटरात फक्त मला माहीत होतं.

आठवतं का तुम्हाला ते पहिलं वर्ष? भात कापून झालेलं, मोकळ्या शेतात तंबू ठोकलेला, आणि मुंबईहून पिक्चरचे डबे आले ते पहिल्या रिळाशिवाय. तंबूच्या मालकानं कंपनीला लिहिलं, कंपनीनं उत्तर दिलं नाही. तुम्ही दुसऱ्या रिळापासून सुरू केलंत. पडद्यावर एकदम आभाळातलं यान, आत एक माणूस पुरचुंडी सोडून काहीतरी खातोय, आणि रडतोय. लोक ओरडायला लागले. कोण हा? कशाला रडतो? तुम्ही मशीन थांबवलंत. दोन मिनिटांसाठी बाहेर गेलात. परत आलात, माईक हातात घेतलात आणि अंधारात बोलायला लागलात.

"डोंगराच्या पायथ्याला, मोकळ्या शेतात यान उभं हाय," असं सुरू केलंत. मी तेव्हा पडद्यामागं भोंगा धरून बसलो होतो. मलाही कळेना हे कुठून आलं. यान आभाळात जायचंय, चालवणारा आत बसलाय, दार लागणार, तेवढ्यात त्याची बायको बांधावरून धावत येते. पदरात भाकरी. "कवा येशील?" असं विचारते. तिचा आवाजही तुम्हीच काढलात, बारीक. लोक आधी हसले. मग तुम्ही काहीच बोलला नाहीत, कितीतरी वेळ. तंबूत हूं की चूं नाही. आणि मग सावकाश: "पाऊस लागायच्या आत येतो."

आणि मशीन सुरू. यान, माणूस, पुरचुंडी, रडणं. आता सगळ्यांना ठाऊक होतं तो काय खातोय आणि का रडतोय. बायका पदर डोळ्यांना लावून बघत होत्या.

पुढच्या वर्षी तेच डबे आले, तेच रीळ नाही. मग मी पत्रा आणला, पंप आणला. तेव्हापासून दर हंगामाला यानाचा पिक्चर लागला की पहिलं रीळ आपण दोघांनी करायचं. तुम्ही त्या टोकाला मशीनपाशी माईक घेऊन, मी या टोकाला पडद्यामागं. मध्ये सगळा गाव.

त्या एका वाक्यावरून मी तुमच्याशी किती भांडलो. आभाळात पावसाचा काय संबंध? आपण इतकं अचूक करतो, दाराचा आवाज किती लांबवायचा ते ठरवतो, आणि यान चालवणारा माणूस मान्सूनचा हिशेब सांगतो? मी म्हणायचो, "निदान 'पौर्णिमेच्या आत' म्हणा." तुम्ही बिडी पेटवायचात. एकदा मी मुद्दाम कल्याणला जाऊन तो पिक्चर पहिल्या रिळासकट बघून आलो. तुम्हाला सांगितलं, गजाभाऊ, त्या माणसाचं लग्नच झालेलं नाही. म्हाताऱ्या शास्त्रज्ञाचा मुलगा आहे, आणि पुरचुंडीत आईनं दिलेला लाडू आहे.

"बायको नाय?" तुम्ही विचारलंत.

"नाही."

"मंग चुकलं त्यांचं," म्हणालात, आणि रीळ गुंडाळायला लागलात.

हे मी शुक्रवारी त्यांना सांगायला गेलो. पिक्चर सुटल्यावर सगळे थेटरासमोरच्या हॉटेलात चहाला जमले, तिथं. म्हटलं, अरे, ते रीळ कधी नव्हतंच. ती बायको गजाभाऊंनी केली. पडदा काळा होता. तुम्ही त्यांच्या तोंडून ऐकलंत फक्त.

तुकानं कप खाली ठेवला. "वसंताभाऊ, डोळ्यांनी पाह्यलीय मी. बांधावरनं धावत येते. पायात चप्पल नाय."

"लुगडं हिरवं," सुंदराबाई म्हणाली.

"बाई, पिक्चर काळा-पांढरा होता."

"असंल. पन हिरवं होतं."

मी पत्र्याचं सांगितलं, पंपाचं सांगितलं. तुका म्हणाला, "आवाज तुमी केलं असतील, नाय कोन म्हनतो? पन बाई तर पडद्यावर होती ना." बाकीचे हसले, आणि कुणीतरी माझ्यासाठी आणखी एक चहा सांगितला, वेड्याला सांगतात तसा. मला राग आला तो याचा, गजाभाऊ. माझं जाऊ द्या. तुमचं नावसुद्धा कुणी घेतलं नाही. ज्यानं त्यांना रडवलं त्याचं नाव नाही, आणि नसलेल्या रिळासाठी मॅनेजरची गचांडी धरायला तयार. तुम्हाला हे चालतं? तुम्ही जिवंतपणी कधी सांगितलं का नाहीत त्यांना? एकदा तरी माईकवर म्हणायचं होतं, हे माझं आहे म्हणून.

शनिवारी थेटरच्या शेठनं मला बोलावलं. हॉटेलातलं ऐकून मॅनेजरनं त्याला सगळं सांगितलं होतं. शेठ हुशार माणूस आहे, चहाला जमलेल्यांना पटलं नाही ते त्याला लगेच पटलं. म्हणाला, "आठवडाभर प्रत्येक खेळाच्या आधी तुम्ही ते करा. दिवे बंद, माईक, तुमचा पत्रा, सगळं. मग आमचा पिक्चर. बाहेर बोर्ड लावतो, मोठ्या अक्षरात: कै. गजाभाऊ यांची मूळ सुरुवात."

कै. गजाभाऊ. मोठ्या अक्षरात. तुम्हाला खोटं कशाला सांगू, मी तिथंच हो म्हणणार होतो. रविवारी सकाळी माळ्यावरून पत्रा काढला, गंज घासला. पंपाचा वॉशर नवीन घातला. शिट्टी वाजते अजून. मग वाटलं, वहिनींना विचारायला हवं. नुसतं कानावर घालावं म्हणून चौकला तुमच्या घरी गेलो.

वहिनी अंगणात तांदूळ निवडत होत्या. मी बोर्डाचं सांगितलं. त्यांनी सुपातला एक खडा काढून टाकला. मग म्हणाल्या, "तुमी काय बोलनार भाऊजी? सगळं?"

"सगळं. जसंच्या तसं."

"शेवटाचंबी?"

"पाऊस लागायच्या आत येतो. त्याशिवाय कसं?"

त्यांनी सूप खाली ठेवलं.

"पयल्या वर्साला भांडून गेले व्हते घरातनं," त्या म्हणाल्या. "तंबूबरोबर. जाताना बोलले नाय, जेवलेबी नाय. मी भाकरी बांधली, एष्टीनं कर्जतला आले. तंबूच्या मागल्या अंगाला उबी. आत लोकांची बोंब चाललेली. हे बाहेर आले. मी भाकरी दिली न् इचारलं, कवा येशील? काय नाय बोलले. भाकरी घेतली, आत गेले. मी म्हनलं, संपलं. निघाले. न् भोंग्यातनं माजाच आवाज आला, बारीक करून. लोक हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तशीच उबी ऱ्हायले. मंग त्यांनी जबाब दिला."

त्यांनी सूप परत मांडीवर घेतलं.

"दर वर्साला त्या खेळाला जायची मी. बाहेर उबी ऱ्हायची. तेवढं ऐकायचं न् शेवटच्या एष्टीनं घरी. पिक्चर काय व्हता मला ठाव नाय. आत कदी गेलेच नाय. घरी आल्यावर त्यांनी कदी इषय नाय काडला, मीबी नाय. पन पाऊस लागायच्या आत यायचे."

गजाभाऊ, मी तंबूच्या दुसऱ्या टोकाला होतो. पडद्यामागं. गोटे फिरवत. तुम्ही त्या दोन मिनिटांत कुठं गेला होतात हे विचारायचं मला कधी सुचलं नाही. आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत. मी दरसाल पौर्णिमा, पौर्णिमा करत राहिलो आणि तुम्ही बिडी ओढत ऐकून घेतलंत. एवढं माझ्यापासून का लपवलंत? की बोलूनच दाखवता येत नव्हतं, माईक हातात असल्याशिवाय?

"बोर्ड लावा त्यांच्या नावाचा," वहिनी म्हणाल्या. "चांगलंच हाय. पन तो जबाब माजा हाय, भाऊजी. तो नका देऊ कुनाला."

मी शेठकडे गेलो. म्हटलं, ते शेवटचं वाक्य सोडून करतो. बाकी सगळं घ्या, आवाज घ्या, भाकरी घ्या. शेठ म्हणाला, "वसंतराव, लोकांना तेवढंच तर पाहिजे." बरोबर बोलला. मग म्हणाला, "दुसरं काहीतरी म्हणा ना तिथं. पौर्णिमेच्या आत म्हणा." त्याला हे कुणी सुचवलं नव्हतं. मी तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं. नाही, गजाभाऊ. ते चूक आहे.

तर तुमचा बोर्ड लागला नाही. काल पिक्चर उतरला. तुकाला अजून वाटतं रीळ चोरलं. हॉटेलात मला बघितलं की माणसं डोळे मिचकावतात. आणि मला अजून चैन नाही. माझ्यानंतर हे कोण सांगणार, याचा विचार करतो आणि ट्यूब पाण्यात बुडवून बसतो. पण तुम्हाला वचन देतो: ते वाक्य माझ्या तोंडून कुणी ऐकणार नाही. माईकवर नाही, चहावर नाही, बायकापोरांनी हट्ट धरला तरी नाही. आणि ती पडद्यावर दिसली असं कुणी म्हणालं तर वाद घालणार नाही. हे दुसरं मला जास्त जड जाणार आहे, तुम्ही ओळखता मला.

शेठनं खेळाला साठ रुपये देऊ केले होते. दिवसाला तीन खेळ, आठवडाभर. बाराशे साठ. मी नको म्हणून आलो.

तुमचा,
पडद्यामागचा वसंता
कर्जत