बायजानंतर कोण

२ मार्च

वणीहून लग्न आटोपून घरी. बॅग खाली ठेवायच्या आधी खोलीत गेले, सवयीनं. बायजाचा डबा रिकामा. धुतलेला, अंगणात उन्हात पालथा घातलेला.

वहिनी म्हणाली, मेली होती ताई, उलटी पडलेली दिसली, टाकून दिली.

मेली नव्हती. कात टाकत होती. टॅरँटुला, हा मोठा केसाळ कोळी, कात टाकताना पाठीवर पडते, पाय वर करून, कधी कधी अख्खा दिवस. महिनाभर खात नव्हती, पोट काळं पडलं होतं, म्हणून तर जाताना दादाले अन् वहिनीले दोघांनाही सांगितलं होतं. उलटी दिसली तर हात लावू नका. एवढं एकच.

मागच्या उकिरड्यावर सापडली. कात अर्धी निघालेली. मुंग्या लागलेल्या.

जेवले नाही.

३ मार्च

ड्यूटीवर दोन पेशंटवर खेकसले. एक म्हातारी एक्स-रेच्या टेबलावर नीट वळत नव्हती, तिच्यावरही. डॉक्टर म्हणाले, सुषमा, घरी काही झालं का. काय सांगू? कोळी मेला म्हणून रडते आहे?

संध्याकाळी दादा शेतातून आला. हातपाय धुतले, खाटेवर बसला अन् म्हणे, "कोळीच होता ना बाप्पा. दुसरा आण. पैसे मी देतो."

दुसरा आण. चप्पल तुटली की आणतात तसा. मेक्सिकोची लाल गुडघ्यांची मादी, सहा वर्षं माझ्याजवळ. नवऱ्याचं घर सोडून कळंबले परत आले तेव्हा पहिल्या पगारात घेतलेली. अजून वीस वर्षं जगली असती. मी म्हातारी होईपर्यंत पुरली असती.

वहिनी पोळ्या लाटत होती. "चुकलं माझं," म्हणाली. मान वर न करता.

मी खोलीत निघून गेले. बोलले असते तर पोळपाट फेकला असता.

५ मार्च

ड्यूटी संपवून यवतमाळले, साजिदभाईच्या दुकानात. कूलरचा सीझन, दुकानभर जाळ्या अन् मोटारी. मले या कोळ्यांच्या नादी लावणारे तेच. त्यांच्या काउंटरमागे नऊ डबे आहेत, गिऱ्हाइकांना वाटते स्पेअर पार्ट.

सगळं सांगितलं. चालू मोटार बंद करून ऐकलं त्यांनी. मग म्हणाले, गुस्स्यात काही घेऊ नका ताई. गुस्सा उतरला की सांगा. होंडुरासची कुरळ्या केसांची एक मादी येऊन राह्यली नागपूरच्या माणसाकडून, कागद पूर्ण, शांत आहे, नवशिक्याले पण चालते.

मी नवशिकी नाही, म्हटलं.

तुम्ही नाही, पण घर नवशिकंच आहे ना, म्हणे.

याचाही राग आला. खरं होतं म्हणून जास्त.

८ मार्च

तरी मोबाइलवर कोळ्यांचे फोटो पाहत बसते. गुमसुम आहे (चिलीची गुलाबी, महिन्यातून एकदा हलते), टिकली आहे (गुलाबी पंजांची, वरच्या कोपऱ्यात). तिसरं कोण?

पुन्हा लाल गुडघ्यांची नको. तिच्याकडे पाहताना दुसरीच दिसेल.

निळ्या पायांची? सुंदर. कोरडी हवा मानवते, आपल्याकडचा उन्हाळा काढेल. पण पळते. झाकण उघडलं अन् दादा समोर असला तर पायाखालीच.

कुरळी? मळकट. गरीब. खाते, बसते. दिसायला काही नाही.

कोळी पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर एकानं फोटो टाकला, आपल्याच जंगलातली, झाडाच्या ढोलीतून काढलेली. 'स्वस्त, बिगिनरसाठी बेस्ट'. बेस्ट कायची? विजेसारखी पळते, चावली तर दिवसेंदिवस स्नायू आखडतात. अन् जंगलातून उचलणं गुन्हा आहे तो वेगळाच. मी सरळ लिहिलं. तो हसण्याची चिन्हं टाकत राह्यला. ॲडमिन म्हणे, ताई, भाषा सांभाळा. भाषा मी सांभाळू.

ग्रुप सोडला.

११ मार्च

आज जे झालं ते लिहायचं नव्हतं. लिहिते.

जेवताना वरणात मीठ नव्हतं. मी ताट सरकवलं. वहिनी म्हणाली, आणते. उठली, मीठ आणलं, माझ्या ताटाजवळ ठेवलं अन् हळूच विचारलं, टिकलीच्या डब्यात पाणी संपलं आहे, घालू का. टिकलीचं नाव तिच्या तोंडून ऐकलं अन् डोक्यात सणक गेली.

मी म्हटलं, "तू हात लावू नको. तुझ्या हातून काही जगत नाही."

वहिनीचे दोन गेले आहेत. एक तिसऱ्या महिन्यात, एक पाचव्या. दुसऱ्याच्या वेळी दवाखान्यात मीच होते तिच्याजवळ.

ती आत गेली. भांडी घासायचा आवाज आला, नेहमीसारखा. दादा तिथंच बसला होता. घास चावत होता.

१२ मार्च

माफी मागायला स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. पाठमोरी होती. परत फिरले. अजून राग होताच ना. माफी अन् राग एकाच तोंडानं कसं बोलायचं, कळत नाही.

१४ मार्च

वहिनी माहेरी गेली, बोरी अरबले. आईची तब्येत, म्हणाली. दादानं बसमध्ये बसवून दिलं.

१६ मार्च

घर दोघांचं. दादाचा स्वयंपाक म्हणजे फोडणीची खिचडी. माझा त्याहून वाईट.

गुमसुमचं पाणी आटलं होतं. आजवर कधीच आटलेलं पाह्यलं नाही. मी रविवारी भरते तेवढंच. मग बाकीचे दिवस कोण भरत होतं?

दादाले विचारलं. तो म्हणे, तीच. दुपारी.

१७ मार्च

दादानं जेवता जेवता सांगितलं. बायजाले त्यानं टाकलं.

वहिनी त्या दुपारी चिंतामणीच्या देवळात गेलती. हा शेतातून चार्जर शोधत माझ्या खोलीत गेला, उलटी दिसली, उचलली, टाकली, डबा धुतला. मी सांगितलेलं ध्यानातच नव्हतं. वहिनी आली, डबा पाह्यला अन् तशीच उकिरड्याकडे धावली. तवर मुंग्या.

मी विचारलं, मग तिनं आपल्या अंगावर काहून घेतलं?

म्हणे, "ती म्हणाली, ताई माझ्यावर रागावल्या तर चार दिवसांत निवळतील. भावावर रागावल्या तर हे घरही सोडून जातील. मग कुठं जातील?"

मी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हटलं, दादा, त्या रात्री मी तिले जे बोलले ते तू ऐकलं.

हो, म्हणे.

"अन् जेवत राह्यला."

आताही ताटाकडेच पाहत होता. लहानपणी आबांच्या मारातून मले वाचवणारा हाच. मले त्याचं तोंड पाहवेना. ताट उचलून खोलीत आले.

बायजाचा राग एक. हा दुसरा. हा मोठा आहे.

२० मार्च

सुट्टी टाकली. यवतमाळले गाडी बदलून बोरी अरब. रस्ताभर वाक्यं जुळवली, एकही कामाला आलं नाही.

वहिनीच्या आई ठणठणीत. चहा दिला अन् उठून शेजारी गेल्या, त्यांना माहीत असावं. वहिनी ओसरीवर तूर निवडत होती.

मी म्हटलं, दादानं सांगितलं. मी चुकले. तू मले थांबवायचं होतं.

मले वाटलं, रडेल. नाही रडली. सूप खाली ठेवलं.

"ताई, कोळी मी मारला असता तरी तुम्ही ते बोलायचं नव्हतं," म्हणाली. "मी मारला नाही म्हणून आता माफी मागून राह्यल्या. मारला असता तर?"

मी सुपातली तूर चाळवत राह्यले.

मग तिनंच सांगितलं. दुपारी घर रिकामं असते. सगळं आवरलं की ती बायजाच्या डब्यासमोर बसायची, डाळ निवडत, कधी नुसतीच. मागच्या वर्षीची कात तिनं सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाह्यली. पाय एकेक करून बाहेर काढले, म्हणाली, चुडीदार उतरवावा तसे. नवे दात पांढरे शुभ्र होते. "तुम्ही ड्यूटीवर होत्या. घरी आल्यावर तुम्हाले नुसती कात दिसली."

म्हणजे उलटी पडणं काय असते, ते तिले माझ्याइतकंच माहीत होतं. तिनं फेकलीच नसती. हे माझ्या डोक्यात का आलं नाही? यायलाच पायजे होतं. दोष टाकायला ती सोपी होती म्हणून.

येते का घरी, विचारलं. पाहते, म्हणाली. गाडीपर्यंत सोडायला आली नाही.

२४ मार्च

वहिनी आली. स्वतःच, बसनं. दादा घ्यायला जातो म्हणत होता, नको म्हणाली.

त्याच्याशी बोलत नाही. माझ्याशी कामापुरतं. भाकर करते, वाढते, निघून जाते. दादा मले म्हणे, तू समजाव तिले. मी म्हटलं, मी कोण? आधी तू समजाव, तुझी बायको आहे. अंगणात आवाज चढला, समोरच्या घरातून डोकावले. डोकावू दे.

२७ मार्च

भांडी आवरून वहिनी माझ्या खोलीत आली, पहिल्यांदाच त्या दिवसानंतर. रिकाम्या डब्याजवळ उभी राह्यली अन् विचारलं, यात कोण येणार आहे.

मी मोबाइल दिला. निळ्या पायांची पाहून पुढं गेली. जंगलवाल्याचा फोटो होता अजून, तोही मागे टाकला. कुरळीवर थांबली. कशी आहे, विचारलं. शांत, म्हटलं, सोपी, सगळ्यांना चालते.

ती म्हणाली, "मले घ्यायची आहे. माझी. माझ्या खोलीत राहील, अन् तुमचे भाऊ तिले हात लावणार नाहीत."

दादा दारात होता. झोपायच्या खोलीत नाही, म्हणे. वहिनी त्याच्याकडे वळलीसुद्धा नाही. मीच म्हटलं, दादा, आता तू या गोष्टीत बोलू नको. जरा जोरातच. गेला.

३० मार्च

वहिनीले घेऊन साजिदभाईकडे. त्यांनी दोन डबे काढले. एकात ती मोठी कुरळी मादी, तळहाताएवढी, कोपऱ्यात बसलेली. पाच मिनिटं पाहत राह्यलो, हलली नाही. पक्की नवशिक्याची. दुसरा डबा म्हणजे औषधाची बाटली. तळाला नारळाचा भुसा अन् त्यावर मसुराच्या दाण्याएवढं पिल्लू, त्याच जातीचं.

साजिदभाई म्हणाले, भाभी, बडीच घ्या. छोट्याचं काही खरं नसते. पाणी जास्त झालं तरी जाते, कमी झालं तरी जाते.

वहिनीनं बाटली उचलली. उजेडाकडे धरली. किती वेळा कात टाकते, विचारलं. लहान आहे तवर खूप वेळा, दर महिन्या-दोन महिन्याले, साजिदभाई म्हणाले. मादी आहे की नर, तेही इतक्यात कळत नाही.

हेच पायजे, म्हणाली.

मी तोंड उघडलं अन् मिटलं. मोठी घे, हे मरेल, नवशिक्यानं पिल्लू घेऊ नये, दुसऱ्या कोणालाही मी हेच सांगितलं असतं. तिले कोणत्या तोंडानं सांगू? अन् नाही सांगितलं, अन् गेलं, तर?

साजिदभाईंनी माझ्याकडे पाह्यलं. मी म्हटलं, उद्या सांगते.

येताना बसमध्ये खिडकीशी बसली होती ती. कळंब जवळ आलं तेव्हा बाहेर पाहतच विचारलं, "खरं सांगा ताई. माझ्याजवळ जगंल ते?"

गाडी थांबली, लोक उठले. पिशव्या घेऊन उतरलो. घरी येऊन भाजी निवडली, दोघींनी. अजून उत्तर दिलं नाही.